सर्वोत्तम उत्तर माहीतच नाही, मग आपण किती जवळ आलो हे कसं सांगायचं?



एमएस्सीच्या शेवटच्या वर्षातले किंवा पीएचडीच्या मुलाखतीची तयारी करणारे ज्युनियर्स मला हमखास एक प्रश्न विचारतात. "ताई, कॉम्बिनेटोरियल ऑप्टिमायझेशनमध्ये रिसर्च म्हणजे नेमकं काय करतात? चांगले अल्गोरिदम तर सगळे पुस्तकात आहेतच की!"

प्रश्न रास्त आहे. बी.एस्सी.पासून आपण अल्गोरिदम शिकतो ते पाककृतीसारखे: ही पायरी, मग ती पायरी, झालं. त्यामुळे वाटतं की संशोधन म्हणजे नवी पाककृती सुचणं. खरं सांगायचं तर सुचणं हा भाग बऱ्याचदा सोपा असतो. खरी मेहनत लागते ती दुसऱ्या गोष्टीला. आपला अल्गोरिदम जे उत्तर देतो ते चांगलं आहे, हे कशाशी तुलना करून म्हणायचं? आजची पोस्ट या एकाच प्रश्नावर आहे. तो नीट समजला तर या विषयातले अर्धे पेपर वाचायला सोपे जातात.

पर्याय खूप, म्हणून प्रश्न अवघड?

आधी विषय काय ते बघू. पर्यायांची संख्या मर्यादित आहे, प्रत्येक पर्यायाला एक किंमत आहे आणि सगळ्यांत कमी (किंवा जास्त) किमतीचा पर्याय शोधायचा आहे. झालं, हेच कॉम्बिनेटोरियल ऑप्टिमायझेशन. सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे फिरत्या विक्रेत्याचा प्रश्न, म्हणजे टीएसपी: दिलेल्या सगळ्या गावांना एकेकदा भेट देऊन सुरुवातीच्या गावी परत यायचं, आणि एकूण अंतर कमीत कमी ठेवायचं.

"मर्यादितच आहेत ना पर्याय? मग सगळे तपासा!" असं कुणीही म्हणेल. तर मग हिशोब करू. २० गावं असतील तर वेगवेगळ्या फेऱ्या होतात १९! भागिले २, म्हणजे साधारण ६ वर १६ शून्यं. सेकंदाला १०० कोटी फेऱ्या तपासणारा कॉम्प्युटर घेतला तरी जवळजवळ दोन वर्षं लागतील. गावं २५ केली की तोच वेळ होतो सुमारे ९८ लाख वर्षं. फक्त पाच गावं वाढली!

आता एक दुसरा प्रश्न घ्या. याच २५ गावांना विजेच्या तारांनी जोडायचं आहे. कुठल्याही गावाहून कुठल्याही गावी वीज पोचली पाहिजे आणि तार कमीत कमी लागली पाहिजे. हा मिनिमम स्पॅनिंग ट्रीचा प्रश्न. ऑटाकार बोरूवका यांनी १९२६ साली मोराव्हियातल्या वीजजाळ्याच्या निमित्ताने तो सोडवला होता. इथे पर्याय किती? केलीच्या सूत्राप्रमाणे २५ चा २३ वा घात, म्हणजे १ वर ३२ शून्यांपेक्षाही जास्त. फेऱ्यांपेक्षा कितीतरी पट अधिक! तरीही क्रुस्कलचा अल्गोरिदम (१९५६) हे उत्तर क्षणात काढतो. सगळ्यांत छोटी तार घ्या, मग त्याच्यापेक्षा मोठी, आणि वर्तुळ तयार होत असेल तर ती सोडून द्या. बस.

म्हणजे पर्यायांच्या संख्येवरून प्रश्न अवघड आहे की सोपा हे ठरत नाही. ठरतं ते प्रश्नाच्या रचनेवरून. स्पॅनिंग ट्रीच्या रचनेत छोटे छोटे हावरे निर्णय शेवटी बरोबरच ठरतात. टीएसपीत तसं होत नाही.

"कार्यक्षम" म्हणजे किती?

टीएसपीला सगळे पर्याय तपासण्यापेक्षा बरी युक्ती आहे. १९६२ मध्ये बेलमन यांनी, आणि स्वतंत्रपणे हेल्ड आणि कार्प यांनी, डायनॅमिक प्रोग्रामिंग वापरलं. कल्पना अशी: "अमुक गावं फिरून झाली आहेत आणि आत्ता मी तमुक गावात आहे" एवढीच माहिती लक्षात ठेवायची. ती गावं कुठल्या क्रमाने फिरलो यापैकी फक्त सर्वांत छोटा क्रम जपायचा, बाकीचे विसरायचे. काम उरतं साधारण n² गुणिले २ चा n वा घात एवढं. २५ गावांना सुमारे २१०० कोटी पायऱ्या, म्हणजे आपल्या त्याच कॉम्प्युटरवर २१ सेकंद. कुठे ९८ लाख वर्षं आणि कुठे २१ सेकंद!

पण ५० गावं घ्या. परत ८९ वर्षं, शिवाय मेमरी पुरणार नाही ती वेगळीच. घातांकी वाढ शेवटी गाठतेच. म्हणून जॅक एडमंड्स यांनी १९६५ साली आग्रहाने मांडलं की चांगला अल्गोरिदम तो, ज्याचा वेळ इनपुटच्या आकाराच्या बहुपदीत बसतो. आपण आज "कार्यक्षम" म्हणतो ते याच अर्थाने.

पुढे १९७१ मध्ये कुक यांनी आणि १९७२ मध्ये कार्प यांनी दाखवलं की बरेच प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. कार्प यांच्या यादीत असे २१ प्रश्न होते. त्यातल्या एकाला जरी बहुपदी अल्गोरिदम मिळाला तरी सगळ्यांना मिळेल. आजपर्यंत एकालाही मिळालेला नाही, आणि बहुतेकांना वाटतं की मिळणारही नाही.

मग काय करायचं? तीन गोष्टी आपल्याला हव्या असतात: उत्तर अचूक हवं, वेळ कमी हवा, आणि अल्गोरिदम प्रत्येक इनपुटवर चालला पाहिजे. प्रश्न एनपी-हार्ड असेल तर यातली एक तरी सोडावी लागते. इथे आपण अचूकपणा थोडा सोडू. पण "थोडा" म्हणजे किती, हे सिद्ध करून सांगायचं. आणि इथेच तो तुलनेचा प्रश्न आडवा येतो.

चौक, रस्ते आणि कॅमेरे

शहरात चौक आहेत आणि दोन चौकांना जोडणारे रस्ते आहेत. चौकात कॅमेरा बसवला की तिथून निघणारे सगळे रस्ते दिसतात. प्रत्येक रस्त्याच्या निदान एका टोकाला कॅमेरा हवा. कमीत कमी किती कॅमेरे लागतील? याला व्हर्टेक्स कव्हर म्हणतात, आणि कार्प यांच्या २१ प्रश्नांपैकी हा एक आहे.

पहिली कल्पना सगळ्यांना एकच सुचते: ज्या चौकातून सर्वांत जास्त रस्ते निघतात तिथे आधी कॅमेरा लावा, ते रस्ते खोडा, मग पुन्हा तेच. शहाणपणाची वाटते. पण असे ग्राफ बांधता येतात जिथे ही पद्धत सर्वोत्तमपेक्षा कितीतरी पट कॅमेरे लावते. शहर जसं मोठं होईल तसं ते प्रमाण लॉगरिदमच्या गतीने वाढत जातं, थांबत नाही.

आता दुसरी पद्धत बघा. ज्यावर अजून नजर नाही असा कुठलाही एक रस्ता घ्या आणि त्याच्या *दोन्ही* टोकांना कॅमेरे लावा. असं करत राहा, सगळे रस्ते संपेपर्यंत.

हे ऐकून कुणीही म्हणेल, "एका टोकाला पुरत असताना दोन कशाला? उधळपट्टी आहे!" पण हीच पद्धत कधीही सर्वोत्तमच्या दुपटीपेक्षा जास्त कॅमेरे लावत नाही. कारण बघा. समजा आपण असे k रस्ते निवडले. एकदा टोकांना कॅमेरे लागले की त्या चौकातला दुसरा रस्ता आपण निवडत नाही, म्हणून या k रस्त्यांपैकी कुठल्याही दोघांचा चौक सामाईक नाही. मग जगातली कुठलीही योजना घ्या, अगदी सर्वोत्तमसुद्धा. तिला या k रस्त्यांसाठी k वेगवेगळे कॅमेरे लावावेच लागणार. म्हणजे सर्वोत्तम किमान k, आणि आपले 2k. संपली सिद्धता.

एक छोटं उदाहरण. एका सरळ रांगेत पाच चौक आहेत: अ, ब, क, ड, इ. रस्ते चार. ब आणि ड वर कॅमेरे लावले की काम होतं, म्हणजे सर्वोत्तम उत्तर २. आपल्या पद्धतीने आधी अ-ब रस्ता निवडला, मग क-ड, तर कॅमेरे लागले चार. बरोबर दुप्पट. म्हणजे "दुप्पट" ही हमी नुसती कागदावरची नाही, तेवढं वाईट खरंच घडू शकतं.

या सिद्धतेतली एक गोष्ट पुन्हा बघा. आपल्याला सर्वोत्तम उत्तर कुठेच काढावं लागलं नाही. ते काढता येत नाही म्हणून तर सगळा खटाटोप! आपण काय केलं, तर *सर्वोत्तम यापेक्षा खाली जाऊच शकत नाही* अशी एक खालची मर्यादा शोधली, जी झटकन काढता येते. मग आपलं उत्तर त्या मर्यादेशी ताडून पाहिलं. k रस्त्यांची ती यादी हाच पुरावा. पहिल्या "शहाण्या" पद्धतीकडे असा पुरावा नव्हता, दुसऱ्या "उधळ्या" पद्धतीकडे तो जन्मतःच होता.

अर्धा कॅमेरा

प्रत्येक प्रश्नात अशी मोजपट्टी डोळ्यांना दिसेलच असं नाही. ती तयार करायचं एक जवळजवळ सार्वत्रिक साधन आहे: लिनियर प्रोग्रामिंग.

समजा प्रत्येक चौकात कॅमेऱ्याचा खर्च वेगळा आहे. आणि समजा आपण अपूर्णांकी कॅमेरे चालवून घेतले: चौकात ० ते १ मधला कुठलाही आकडा चालेल, फक्त प्रत्येक रस्त्याच्या दोन टोकांची बेरीज किमान १ हवी. हा प्रश्न बहुपदी वेळेत सुटतो. आणि खरी, पूर्ण कॅमेऱ्यांची योजनासुद्धा या नियमात बसतेच, त्यामुळे अपूर्णांकी खर्च कधीही खऱ्या सर्वोत्तमपेक्षा जास्त नसतो. मिळाली खालची मर्यादा!

आता अपूर्णांकांवरून खऱ्या कॅमेऱ्यांकडे यायचं. प्रत्येक रस्त्याच्या दोन टोकांची बेरीज किमान १ आहे, म्हणजे एका टोकाला तरी किमान अर्धा कॅमेरा आहेच. तर मग जिथे जिथे अर्धा किंवा जास्त आहे तिथे पूर्ण कॅमेरा लावा, बाकीचे सोडा. सगळे रस्ते सुरक्षित, आणि खर्च वाढून वाढून दुप्पट. वेगवेगळ्या खर्चाचा प्रश्नही असा सुटला.

लिनियर प्रोग्रामिंग बहुपदी वेळेत सुटतं हे १९७९ साली खाचियान यांनी दाखवलं. पण ती पद्धत प्रत्यक्षात फार संथ होती. सिद्धांतात बहुपदी आणि व्यवहारातही वेगवान अशी पद्धत १९८४ साली दिली नरेंद्र करमरकर यांनी. आयआयटी मुंबईतून बी.टेक. करून ते बर्कलीला रिचर्ड कार्प यांच्याकडे पीएचडी करायला गेले होते. याच कार्प यांच्याबरोबर त्यांनी १९८२ मध्ये खोकी भरण्याच्या प्रश्नावर (बिन पॅकिंग) जो अल्गोरिदम दिला, त्याचा पायाही असंच अपूर्णांकी उत्तर काढून ते पूर्णांकात आणणं हाच होता.

दोष कुणाचा?

इथे चाणाक्ष वाचक विचारतील: दुपटीवरून दीडपटीवर का नाही येत? अजून हुशार राउंडिंग करा!

शंभर चौक घ्या, प्रत्येकाचा प्रत्येकाशी रस्ता. प्रत्येक चौकात अर्धा कॅमेरा ठेवला तर अपूर्णांकी खर्च ५०. पण खरे कॅमेरे लागतात ९९, कारण दोन चौक रिकामे सोडले तर त्यांच्यामधला रस्ता उघडा पडतो. म्हणजे सर्वोत्तम उत्तर स्वतःच मोजपट्टीच्या जवळजवळ दुप्पट आहे! तुमचा अल्गोरिदम बिनचूक असला तरी *या मोजपट्टीने* तुम्ही २ पेक्षा ठळक चांगली हमी सिद्ध करू शकणार नाही. याला इंटिग्रॅलिटी गॅप म्हणतात.

संशोधनाला येताना हा फरक मनात पक्का असू द्या. हमी कमकुवत निघाली तर दोष तीनपैकी एका ठिकाणी असतो. अल्गोरिदमच वाईट असेल. किंवा अल्गोरिदम चांगला पण विश्लेषण ढिलं असेल. किंवा दोन्ही ठीक, पण मोजपट्टी आखूड असेल. तिन्हीचा उपाय वेगळा. आणि कधीकधी चौथी शक्यता: प्रश्नच त्याहून पुढे जाऊ देत नसेल.

व्हर्टेक्स कव्हरच्या बाबतीत ही चौथी शक्यता फार गंभीरपणे घेतली जाते, आणि तिचं श्रेय आपल्या इचलकरंजीच्या सुभाष खोत यांना जातं. २००२ साली त्यांनी युनिक गेम्स कंजेक्चर मांडलं. ते खरं असेल तर २ पेक्षा कुठलाही ठराविक चांगला गुणक बहुपदी वेळेत मिळवणं एनपी-हार्ड आहे, असं पुढे खोत आणि रेगेव्ह यांनी दाखवलं. म्हणजे आपली ती "उधळी" दोन ओळींची पद्धतच कदाचित शेवटचा शब्द असेल! खोत यांना २०१४ चं नेव्हानलिना पारितोषिक मिळालं. कंजेक्चर मात्र अजून सिद्धही झालेलं नाही आणि खोटंही ठरलेलं नाही. त्याशिवाय, फक्त पी आणि एनपी वेगळे आहेत एवढं धरलं, तर आज २ च्या वर्गमुळापर्यंतचा, म्हणजे सुमारे १.४१ पर्यंतचा अडथळा सिद्ध आहे. १.४१ ते २ ही मधली जागा मोकळी आहे.

हीच नजर टीएसपीकडे

आता विक्रेत्याकडे परत जाऊ. अंतरं त्रिकोण असमानता पाळतात असं धरू, म्हणजे वाकडा रस्ता सरळ रस्त्यापेक्षा छोटा नाही.

मोजपट्टी कुठली? सर्वोत्तम फेरीतला एक तुकडा काढून टाका. जे उरतं तो सगळ्या गावांना जोडणारा एक स्पॅनिंग ट्रीच आहे. म्हणून मिनिमम स्पॅनिंग ट्री सर्वोत्तम फेरीपेक्षा मोठा असूच शकत नाही. सोपा प्रश्न अवघड प्रश्नाची मोजपट्टी झाला! त्या ट्रीच्या कडेकडेने चालत एक चक्कर मारा, प्रत्येक तार दोनदा चालून होईल, आणि भेट दिलेली गावं टाळत सरळ पुढे जा. फेरी जास्तीत जास्त दुप्पट.

१९७६ मध्ये क्रिस्टोफिडेस यांनी (आणि सोव्हिएत संघात सेर्ड्युकोव्ह यांनी स्वतंत्रपणे) हे दीडपटीवर आणलं. प्रत्येक तार दोनदा चालण्याऐवजी, जिथे विषम संख्येने तारा येतात फक्त त्याच गावांच्या जोड्या लावायच्या. या जोड्यांची किंमत सर्वोत्तम फेरीच्या निम्म्याहून जास्त नसते, आणि त्या एडमंड्स यांच्या १९६५ च्या अल्गोरिदमने बहुपदी वेळेत सापडतात.

त्यानंतर चाळीसहून अधिक वर्षं ही दीडपट कुणालाच मोडता आली नाही. २०२० मध्ये ॲना कार्लिन, नेथन क्लाइन आणि शायान ओव्हेस घरन यांनी ती मोडली. किती? सिद्ध झालेली सुधारणा १० चा उणे ३६ वा घात, म्हणजे दशांश चिन्हानंतर ३५ शून्यं आणि मग कुठे एक! हसू येईल, पण ती बातमी आमच्या क्षेत्रात मोठी होती, कारण दीडपट ही खरी भिंत नाही हे कळलं. इथल्या लिनियर प्रोग्रामिंगच्या मोजपट्टीचा गॅप ४/३ असावा असा अंदाज आहे. तो अजून सिद्ध व्हायचाय.

प्रयोग करणाऱ्यांसाठी

"आम्हाला सिद्धता नको, आम्ही कोड लिहितो" म्हणणाऱ्यांनाही यातून सुटका नाही. १९५४ मध्ये डॅन्टझिग, फल्करसन आणि जॉन्सन यांनी अमेरिकेतल्या ४९ शहरांची सर्वोत्तम फेरी काढली. त्यांचं मोठेपण ती फेरी सापडण्यात नव्हतं, तिच्याहून छोटी फेरी नाहीच हे लिनियर प्रोग्रामिंगने *सिद्ध* करण्यात होतं. २००६ मध्ये चिप बनवण्याच्या कामातून आलेला ८५,९०० बिंदूंचा प्रश्न काँकॉर्ड नावाच्या प्रोग्रामने सोडवला. ती फेरी हेल्सगाउन यांच्या ह्युरिस्टिकने आधीच सापडली होती. तिच्यापेक्षा चांगली नाही, हे दाखवायला एका प्रोसेसरच्या हिशोबात १३६ वर्षांहून जास्त वेळ लागला!

हे सांगायचं कारण असं. एखाद्या प्राण्याच्या किंवा पक्ष्याच्या नावाचा नवा अल्गोरिदम आणि "आमची पद्धत आधीच्यापेक्षा ३ टक्क्यांनी चांगली" असा दावा, हा पीएचडीचा विषय म्हणून तुमच्यासमोर कधी ना कधी येईलच. यावर केनेथ सोरेन्सेन यांनी २०१५ मध्ये केलेली टीका जरूर वाचा. आधीची पद्धत सर्वोत्तमपासून ४० टक्के लांब असेल तर ३ टक्क्यांनी काय साधलं? ह्युरिस्टिक लिहिणं चुकीचं नाही, हेल्सगाउन यांचंच उदाहरण आहे. पण तुमच्या तक्त्यात खालच्या मर्यादेपासूनचं अंतर असू द्या. टीएसपीसाठी तर टीएसपीलिब या संग्रहातल्या प्रश्नांची सर्वोत्तम उत्तरं उपलब्ध आहेत, त्यांच्याशीच तुलना करा.

पेपर हातात घेतला की

मी कुठलाही पेपर वाचताना समासात चार प्रश्न लिहून ठेवते:

१. इथे मोजपट्टी कुठली आहे, आणि ती झटकन काढता येते का?
२. अल्गोरिदमची प्रत्येक पायरी त्या मोजपट्टीच्या कुठल्या भागावर "खर्च टाकते"?
३. हमी गाठणारं सर्वांत वाईट उदाहरण दिलंय का? नसेल तर मला बांधता येतं का?
४. यापुढे जायला काय बदलावं लागेल: अल्गोरिदम, विश्लेषण की मोजपट्टी?

चौथ्या प्रश्नाचं उत्तर जिथे सापडत नाही, तिथे बहुतेक वेळा तुमचा संशोधनाचा विषय असतो.

जाता जाता एक गृहपाठ. पाच चौक वर्तुळात आहेत, रस्ते पाच. एकही चौक सामाईक नसलेले जास्तीत जास्त किती रस्ते निवडता येतात? अपूर्णांकी कॅमेऱ्यांचा कमीत कमी खर्च किती (प्रत्येक कॅमेरा एक रुपयाचा)? आणि खरे कॅमेरे किती लागतात? तिन्ही आकडे वेगवेगळे येतील. ते एकाखाली एक लिहा आणि कुठली मोजपट्टी सत्याच्या किती जवळ आहे ते बघा. मग वर्तुळ सात चौकांचं करा, नऊचं करा. पुढचा वर्ग तिथूनच सुरू होतो.